लहान घास

आपल्या घरांतून जेवणाच्या वेळीं मुलांना उद्देशून जीं वाक्यें रोज बोललीं जातात, त्यांचें कोणीं टिपण ठेविलें तर त्यांत मुख्यतः दोन सूत्रें सांपडतील. एक, "आटप लवकर, शाळेला उशीर होतो", आणि दुसरें, "एवढा मोठा घास घेऊं नये, कोणी पाहिलें तर काय म्हणेल?" पहिलें रेंगाळणाऱ्यांसाठीं, दुसरें अधाशांसाठीं. जें मूल लहान घास घेतें, सावकाश चावतें आणि पानावर बसून कुरकुर करीत नाहीं, त्याच्यासाठीं एक तिसरें वाक्य राखून ठेविलेलें असतें, आणि तें कौतुकाचें असतें. ह्या महिन्यांत आम्हांस ह्या तिसऱ्या वाक्याविषयीं लिहावयाचें आहे. कारण तें एकदां आम्हींही उच्चारलें आहे, आणि त्याची टोंचणी आम्हांस अजून लागून राहिली आहे.

आमच्या निकट परिचयाचें एक मोठें कुटुंब आहे. आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पांच मुलें आणि अधूनमधून माहेरीं येणारी आत्या, असा तो परिवार. त्यांतील धाकट्या भावाची मुलगी तीन वर्षांची असतांना तिचा उजवा गुडघा सुजला. कोठें तरी पडली असेल, असें समजून प्रथम लेप झाले. परंतु सूज दोन महिने हटेना, आणि सकाळीं अंथरुणांतून उठल्यावर मुलगी घटकाभर लंगडूं लागली, तेव्हां तिला शहरांतील मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेण्यांत आलें. औषध सुरू झालें. वर्षभरांत गुडघा पूर्ववत् झाला, मुलगी अंगणांत धावूं लागली, आणि 'आतां बरी झाली' असें घरच्या मंडळींनीं आपलें आपणच ठरवून औषध बंद केलें व तज्ज्ञांकडील फेऱ्याही थांबविल्या. पुढें ती नऊ वर्षांची होईपर्यंत त्या घरांत संधिवाताचें नांव निघालें नाहीं.

त्या वर्षीं दिवाळीच्या फराळाला आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां ती मुलगी आमच्या शेजारीं बसली होती. चकलीचे बारीक तुकडे करून ती एकेक तोंडांत टाकीत होती; लाडूही फोडून फोडून खात होती. आम्हीं तिच्या आजींना म्हटलें, "काय सुरेख वळण लाविलें आहे हो तुम्हीं! किती लहान घास घेते!" आजींना धन्यता वाटली. मुलगी कांहींच बोलली नाहीं.

चार महिन्यांनीं आत्या आल्या. त्या तब्बल दोन वर्षांनीं माहेरीं येत होत्या. म्हणून घरच्यांना रोज पाहून जें दिसेनासें झालें होतें, तें त्यांना दारांतच दिसलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं थोरल्या पुतण्याच्या मुंजीचीं छायाचित्रें काढलीं, आणि मुलीला दिव्याजवळ बसवून त्यांतील एक तिच्या चेहऱ्याशेजारीं धरलें. मुंजींतील पांच वर्षांच्या मुलीची हनुवटी नाकाच्या सरळ रेषेंत होती. समोर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीची हनुवटी उजवीकडे झुकली होती, आणि चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षां आंखूड दिसत होती. "आ कर पाहूं," आत्या म्हणाल्या. तोंड जेमतेम दोन बोटें उघडलें, आणि उघडतांना जबडा उजवीकडे ओढल्यासारखा गेला. "दुखतें का ग?" "नाहीं." "मग इतके दिवस सांगितलें कां नाहींस?" त्यावर मुलीनें दिलेलें उत्तर आम्हीं पुढें आत्यांच्याच तोंडून ऐकलें: "मला वाटलें, सगळ्यांचें एवढेंच उघडतें."

लहान मुलाच्या ठिकाणीं हें उत्तर अगदीं स्वाभाविक आहे. ज्याला दुसऱ्याचें तोंड मिळालेलें नाहीं, त्याला आपल्या तोंडांतील उणीव कशी समजावी? ती समजून घेण्याचें काम मोठ्यांचें होतें. मोठीं माणसें घरांत पांच होतीं. आणि सहावे आम्ही, फराळाला आलेले.

संधिवात म्हणजे उतारवयाचें दुखणें, अशी आपल्याकडे इतकी दृढ समजूत आहे कीं, तो लहान मुलाला होतो असें सांगितल्यास ऐकणारा प्रथम हसतो. वैद्यकाला मात्र ही गोष्ट नवी नाहीं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्या तरुण डॉक्टरांनीं १८९७ सालीं अशा २२ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि मुलांतील ह्या विकाराचा निदान एक प्रकार तरी मोठ्यांच्या संधिवाताहून निराळा आहे, असें दाखवून दिलें. आज ह्या विकारास 'जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' म्हणतात. वयाचीं १६ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं सुरू झालेला, निदान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरें कोणतेंही कारण न सांपडलेला सांध्यांचा दाह, ही त्याची व्याख्या. 'इडिओपॅथिक' ह्या भारदस्त शब्दाचा सरळ अर्थ 'कारण ठाऊक नाहीं' एवढाच. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, इतकें मात्र कळलें आहे. मुलाला दही कोणीं वाढलें, गार पाण्यानें स्नान कोणीं घातलें, गरोदरपणीं कोणी काय खाल्लें, ह्या गोष्टींनीं तो होत नाहीं. तेव्हां सासूसुनांनीं परस्परांस दोष देण्यांत जो वेळ जातो, तो वांचविण्यास हरकत नाहीं.

ह्या विकारांत गुडघा, घोटा, मनगट हे सांधे सुजले कीं ते दिसतात; मूल लंगडतें, लेखणी धरीनासें होतें, आणि घर जागें होतें. जबड्याचा सांधा तसा नाहीं. तो बहुधा मुकाट्यानें सुजतो. ह्या मुलांपैकीं किती जणांचा जबडा बाधित होतो, ह्याविषयीं निरनिराळ्या ठिकाणच्या तपासण्यांतून शेंकडा १७ पासून शेंकडा ८७ पर्यंत आंकडे प्रसिद्ध झाले आहेत. एवढें अंतर पाहून कोणी म्हणेल कीं, असले आंकडे काय कामाचे? परंतु त्यांतच खरी गोष्ट दडलेली आहे. तपासलेलीं मुलें निराळीं होतीं, आणि शोधण्याच्या रीतीही निराळ्या होत्या. 'दुखतें का?' एवढेंच विचारून शोधलें तर थोडीं मुलें सांपडतात. सांध्याचें अंतरंग दाखविणाऱ्या यंत्रानें शोधलें तर पुष्कळ सांपडतात. तात्पर्य, दुखण्याची वाट पाहत बसणारा फसतो.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं वाचकांनीं आपल्याच चेहऱ्यावर एक प्रयोग करावा. कानाच्या छिद्रासमोर जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या किंचित् पुढें दोन्ही बाजूंस एकेक बोट ठेवून तोंड हळूहळू उघडावें. बोटाखालीं कांहीं तरी प्रथम फिरल्यासारखें आणि मग पुढें सरकल्यासारखें वाटेल. हाच तो सांधा. त्याचें शास्त्रीय नांव 'टेंपोरोमँडिब्युलर' असें लांबलचक आहे. आपण त्यास कानापुढचा सांधा म्हणूं. दार बिजागरीवर नुसतें फिरतें. परंतु हा सांधा आधीं फिरतो आणि मग आपल्या खोबणींतून पुढें उतरतो. शिवाय डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळें एकाला सोडून दुसऱ्याला चालतां येत नाहीं. बैलगाडीचें एक चाक चिखलांत रुतलें आणि बैल जोर करीत राहिले, तर गाडी रुतलेल्या चाकाच्या बाजूस वळते. तोंड उघडतांना जबडा दुखऱ्या बाजूकडे जातो, तो ह्याच न्यायानें.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट वाढीची. हातापायांच्या लांब हाडांत वाढीची कूर्चा सांध्यापासून थोडी अलग, हाडांतील एका पट्टींत असते. खालच्या जबड्याच्या दोन्ही टोंकांस जे गोलसर शेंडे असतात, त्यांत मात्र वाढीची कूर्चा सांध्याच्या पृष्ठभागालगत, एका पातळ तंतुमय थराखालींच असते. म्हणून येथील दाहाची झळ थेट वाढीच्या मुळाशीं पोंचते. मूल वाढत राहतें, कपाळ, नाक, वरचा जबडा वाढत राहतो, आणि खालचा जबडा मागें पडतो. एकच बाजू बाधित असेल तर हनुवटी त्या बाजूस झुकते व ओंठांची आणि दांतांची ओळ तिरकी होते. दोन्ही बाजू बाधित असतील तर चेहरा समोरून सरळच दिसतो; परंतु बाजूनें पाहिल्यास हनुवटी मागें गेलेली, लहान दिसते, आणि कधीं कधीं पुढचे वरखालचे दांत एकमेकांस टेंकेनासे होतात. विकार तीव्र असल्यास जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होऊन मूल झोपेंत घोरूं लागतें.

आपल्या गांवोगांवच्या वेशीवर ज्या देवतेचें ठाणें असतें, तिचें नांवच मुळीं जबड्यावरून पडलेलें आहे. सूर्याला फळ समजून झेंपावलेल्या बाळ मारुतीवर इंद्रानें वज्र टाकलें, त्याची डावी हनु भंगली, आणि तो हनुमान् झाला, ही वाल्मीकि-रामायणांतील कथा घरांतील प्रत्येक मुलास पाठ असते. शनिवारीं त्याला तेल वाहणाऱ्या घरांत स्वतःच्या मुलाची हनु कोणीं कधीं नीट पाहिलेली नसते, हें आश्चर्य नव्हे काय?

ती कशी पाहावी, हें आतां सांगतों. २०१७ सालीं ह्या विषयांतील निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनीं विचारविनिमय करून एक छोटी तपासणी एकमतानें ठरविली. तिला यंत्र लागत नाहीं, सुई लागत नाहीं. प्रकाश, मोजपट्टी आणि जाणते हात असले कीं पुरे. संधिवात असलेल्या मुलाचे इतर सांधे पाहतांना डॉक्टरांनीं प्रत्येक वेळीं ही तपासणी करावी, अशी अपेक्षा आहे. तिच्यांत सहा गोष्टी येतात.

पहिली, दुखण्याची जागा. 'दुखतें का?' ह्या प्रश्नाला मूल मान हालवितें. म्हणून 'कोठें दुखतें तें बोटानें दाखीव' असें म्हणावें. कानांत ठणकतें, कानशील दुखतें, सकाळीं तोंड आंखडल्यासारखें वाटतें, असें मूल म्हणालें तर तें कानापुढच्या सांध्याचेंही दुखणें असूं शकतें. कान आणि हा सांधा इतके जवळचे शेजारी आहेत कीं, एकाची तक्रार दुसऱ्याच्या नांवावर सहज जमा होते.

दुसरी, दाबून पाहणें. डॉक्टर दोन्ही सांध्यांवर बोटें ठेवून तोंड मिटलेलें असतांना एकदां व उघडें असतांना एकदां हलकेच दाबतात, आणि मुलाच्या ओंठांकडे न पाहतां डोळ्यांकडे पाहतात. घाबरट मूल सगळीकडेच 'दुखतें' म्हणतें, आणि सोशीक मूल कोठेंच म्हणत नाहीं. डोळे मात्र आकसतात.

तिसरी, तोंड उघडण्याची वाट. मुलास समोर बसवून हळूहळू 'आ' करावयास सांगावें आणि खालच्या दोन मधल्या दांतांची फट कोणत्या बाजूस जाते तें पाहावें. पूर्ण तोंड उघडल्यावर ती मध्यरेषेपासून ३ मिलिमीटर किंवा अधिक सरकली असेल, तर ती गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

चौथी, तोंड किती उघडतें. वरच्या व खालच्या पुढच्या दांतांच्या कडांमधील अंतर मोजपट्टीनें मोजावयाचें. मुलानें आपण होऊन उघडलें पाहिजे. बोटें घालून ताणूं नये. शाळकरी मुलांत हें अंतर बहुधा ४० मिलिमीटरच्या वर भरतें. झूरिक शहरांतील वीस हजारांहून अधिक निरोगी मुलांचें माप घेऊन २०१३ सालीं जीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं, त्यांत दहा वर्षांच्या मुलांची सरासरी सुमारें ४५ मिलिमीटर होती. परंतु त्याच कोष्टकांत निरोगी मुलांमध्येंही कोणाचें तोंड पुष्कळ कमी व कोणाचें पुष्कळ अधिक उघडत होतें. म्हणून शेजारच्या मुलाशीं तुलना करण्यापेक्षां त्याच मुलाच्या मागच्या मापाशीं तुलना करणें अधिक शहाणपणाचें. मूल उंच होत असतां माप वाढलें पाहिजे. तें तेथेंच राहिलें किंवा घटलें तर तें बोलकें आहे. दुधाचे दांत पडण्याच्या वयांत मोजावयाचे दांतच नाहींसे होतात. तेव्हां कोणत्या दांतापासून मोजलें हेंही लिहून ठेवावें.

पांचवी, समोरून चेहरा. केंस मागें बांधून, मूल ताठ बसवून, उजेड दोन्ही बाजूंनीं सारखा पडेल असें पाहावें. भुंवयांचा मध्य, नाकाचा शेंडा आणि हनुवटी एका ओळींत आहेत काय? ओंठांचे दोन्ही कोपरे एकाच उंचीवर आहेत काय? दंतवैद्य दांतांमध्यें एक सपाट लाकडी पट्टी आडवी धरावयास देतात. ती डोळ्यांच्या रेषेशीं समांतर न राहतां तिरपी झाली, तर जबड्याच्या दोन बाजू सारख्या वाढलेल्या नाहींत असा संशय घेतां येतो.

सहावी, बाजूनें चेहरा. हीच तपासणी घरांतून सर्वांत कमी होते. कारण आपण एकमेकांशीं समोरासमोर बोलतों. दांत सहज मिटलेले आणि नजर समोर असतां हनुवटी ओंठांच्या मानानें किती मागें आहे, तें पाहावें.

ह्याशिवाय, मुलांच्या सर्व सांध्यांची झटपट चाचणी म्हणून इंग्लंडांतील डॉक्टरांनीं २००६ सालीं जी पद्धति प्रसिद्ध केली, तिच्यांत जबड्यासाठीं एक फारच सुटसुटीत युक्ति आहे. मुलानें स्वतःचीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून आपल्या पुढच्या दांतांमध्यें घालावयाचीं. स्वतःचींच बोटें घेतल्यामुळें लहान मुलास लहान माप व मोठ्यास मोठें माप आपोआप मिळतें. बोटेंच सुजलेलीं असतील तर मात्र ह्या मापावर विसंबूं नये. ही युक्ति कोणाही आईला, आजीला, काकूला घरच्या घरीं करतां येईल. आणि मुलांना ती खेळासारखी वाटते.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. हा लेख वाचून घरांतील प्रत्येक मुलास रांगेंत बसवून जो तो मोजपट्टी घेऊन निघाला, तर आमचा हेतु फसला असें होईल. पूर्ण निरोगी चेहराही तंतोतंत सारखा नसतो. कित्येक घराण्यांत हनुवटी पिढीजात लहान असते; आजोबांचें छायाचित्र पाहिलें कीं खुलासा होतो. तोंड उघडतांना होणारा नुसता 'कट्' असा आवाज हाही संधिवात नव्हे. कानापुढें चार दिवसांत फुगलेला आणि तापासह आलेला गाल बहुधा गालगुंडाचा किंवा दाढेचा असतो. परंतु ज्या मुलाला पूर्वीं एखाद्या सांध्याचा संधिवात झालेला आहे, किंवा ज्याचा एखादा सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला आहे, त्याचा जबडा मात्र पाहिलाच पाहिजे. आणि पाहतांना 'गुडघा आतां बरा आहे' ही सबब ऐकूं नये. गुडघा निवलेला असतांही जबडा धुमसत असूं शकतो.

संशय आल्यावर पुढें काय? साध्या क्ष-किरण चित्रांत हाड झिजल्यावरचा परिणाम दिसतो, म्हणजे घटना घडून गेल्यावरचा पंचनामा. रक्ताच्या तपासण्या पुष्कळदां निर्दोष येतात. एवढासा सांधा रक्तावर आपला ठसा उमटवीलच असें नाहीं. चालू असलेला दाह दाखविण्याचें उत्तम साधन म्हणजे शिरेंतून औषध देऊन काढलेली एम्. आर्. आय्. प्रतिमा. तीही जाणत्यानेंच वाचावी लागते. कारण निरोगी मुलांच्या सांध्यांतही थोडेंसें द्रव व थोडीशी झळाळी दिसूं शकते.

उपचाराचा पाया म्हणजे मूळ दाह विझविणें. त्यासाठीं दाहशामक औषधें, मेथोट्रेक्सेट, आणि तेवढ्यानें न भागल्यास ह्या शतकांत प्रचारांत आलेलीं जैविक औषधें आहेत. कोणतें, केव्हां आणि किती, हें तज्ज्ञांनींच ठरवावें. मेथोट्रेक्सेटविषयीं मात्र एक गोष्ट एकत्र कुटुंबांत दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे. ह्या विकारांत तें आठवड्यांतून एकदांच द्यावयाचें असतें. आईनें सकाळीं दिलें आणि काकूनें विसरलें असें समजून दुसऱ्या दिवशीं पुन्हां दिलें, असें होतां उपयोगी नाहीं. रोज दिल्यास तें जिवावर बेततें. म्हणून औषध देणारा हात एकच असावा आणि वार ठरलेला असावा. सांध्यांत स्टेरॉईडचें इंजेक्शन देण्याची रीत इतर सांध्यांत फार गुणकारी ठरली आहे. परंतु वाढत्या जबड्यांत तें वारंवार देण्याविषयीं तज्ज्ञ आतां सावध आहेत, कारण नको तेथें हाड धरण्याचे व वाढ मंदावण्याचे प्रकार आढळलेले आहेत. दांतांवर बसविण्याच्या पट्ट्या व वाढीला वळण देणारीं साधनें दंतवैद्य देतात. हलके व्यायाम भौतिकोपचार करणारे शिकवितात. आणि राहिलेलें व्यंग मोठें असल्यास दाह शांत झाल्यावर शस्त्रक्रियेनें जबडा लांबवितां येतो. मात्र दंतवैद्य आणि संधिवाताचे तज्ज्ञ ह्यांनीं परस्परांशीं विचार करून हें करावें. एकानें दांत पाहावे आणि दुसऱ्यानें गुडघे, असें झाल्यास मधला जबडा कोणाच्याच वांट्यास येत नाहीं.

घरांतील उपचारांविषयीं विचाराल तर कोमट शेक आणि दुखऱ्या दिवसांत मऊ भात, खिचडी, दुधांत कुस्करलेली पोळी हें सर्व योग्य आहे. तेल लावून जबडा जोरानें चोळणें, 'सवय होईल' म्हणून ऊंस किंवा कडक लाडू चावावयास लावणें, तोंड ताणून उघडणें, हें अयोग्य. तोंड पुरें उघडत नसल्यामुळें मागच्या दाढांपर्यंत दांतघांसणी पोंचत नाहीं आणि दाढा किडतात. तेव्हां लहान डोक्याची दांतघांसणी आणावी, आणि मनगट दुखत असल्यास मोठ्यानें घांसून द्यावें. मुलावर कोणत्याही कारणानें शस्त्रक्रिया करावयाची असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना जबडा कमी उघडतो हें आधींच सांगावें. श्वासनलिकेंत नळी घालतांना त्यांस ही गोष्ट ठाऊक असणें फार अगत्याचें आहे. आणि ह्याच विकाराचा दुसरा मुका साथीदार म्हणजे डोळ्याच्या आंतील दाह. तोही कित्येकदां लाली किंवा दुखणें न दाखवितां दृष्टि खातो. म्हणून डोळ्यांची खास दिव्याची तपासणी ठरल्या वेळीं चुकवूं नये.

ह्या विषयाला एक सामाजिक बाजू आहे. ती टाळून लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपल्या समाजांत मुलीचा चेहरा बारकाईनें तपासण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यांत हटकून येतो. त्या वेळीं परकीं माणसें समोर बसून नाक, डोळे, दांत, रंग ह्यांचा हिशेब करतात, आणि हनुवटीचा झुकाव एका दृष्टिक्षेपांत टिपतात. ज्या वयांत ती वाढ वळवितां आली असती, त्या वयांत मात्र आपल्याच माणसांनीं तो चेहरा पाहिलेला नसतो. दोष मुलीच्या पदरीं पडतो, हिशेब मात्र आपला चुकलेला असतो. मुलगा असला तर 'मिशी आली म्हणजे झांकेल' असें म्हणून तो प्रश्न तेवढ्यावर मिटवितात. आमच्या मतें दोन्ही वृत्ति सारख्याच त्याज्य आहेत. तोंड हें आधीं जेवण्यासाठीं, बोलण्यासाठीं, हंसण्यासाठीं आणि मोकळी जांभई देण्यासाठीं आहे, दाखविण्यासाठीं नंतर.

त्या मुलीचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणण्याची इच्छा असेल. आत्यांनीं दुसऱ्या दिवशींच हट्ट धरला. आजींनीं प्रथम "मुलीच्या चेहऱ्याला काय झालें आहे? दृष्ट लावूं नकोस," असें म्हणून विरोध केला; परंतु मुंजीचें छायाचित्र पाहिल्यावर त्यांनींच धाकट्या मुलाला रजा काढावयास लावली. तपासणीच्या दिवशीं तोंड २४ मिलिमीटर उघडलें. दोन्ही सांध्यांत दाह होता, उजव्यांत अधिक. औषध पुन्हां सुरू झालें, दांतांवर पट्टी बसली, आणि बुधवार हा औषधाचा वार म्हणून आजींनींच आपल्याकडे घेतला. आज पांच वर्षें झालीं. माप ३८ पर्यंत आलें आहे. हनुवटी अजून किंचित् उजवीकडे आहे, आणि ती पूर्ण सरळ होईलच असें वचन डॉक्टरांनीं दिलेलें नाहीं. पांचव्या किंवा सहाव्या वर्षीं कोणी पाहिलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न त्या घरांत कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. परंतु तो सर्वांच्या मनांत आहे, आणि आमच्याही आहे. गेल्या दिवाळींत तिनें चकली अख्खी उचलून दांतांनीं मोडली. आजी तिच्याकडे पाहत होत्या. 'लहान घास घे,' असें त्या म्हणाल्या नाहींत.

शेवटीं एक सूचना. वाढदिवसाला आपण मुलाला पाटावर बसवून औक्षण करतों. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर पडतो, आई अगदीं समोर असते, आणि वर्षांतून एकदां तरी त्या चेहऱ्याकडे सावकाश पाहिलें जातें. ओंवाळून झाल्यावर त्याच पाटावर त्याचें एक छायाचित्र समोरून आणि एक बाजूनें घ्यावें. तीन बोटांचा खेळ खेळावा. आणि तारीख घालून तें सर्व जपून ठेवावें. ज्या घरांत संधिवाताचें मूल आहे, तेथें वाढदिवसापर्यंत थांबूं नये; डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशीं हें करावें, आणि चित्रें बरोबर न्यावींत. ज्या भेटींत जबडा पाहिला जाणार नाहीं, त्या भेटींत "डॉक्टर, तोंडही पाहा," असें नम्रपणें पण निश्चयानें म्हणावें. तेवढ्याला दोन मिनिटें लागतील. तीं मागून घेण्यांत संकोच कसला?